चौकांचा हिशेब

शहर वाढायला लागलं की दोन पक्ष पडतात आणि त्यांचं भांडण ठरलेलं असतं. एक म्हणतो, शहराला आडवं पसरू देऊ नका, उभं वाढवा. दाटी असली तरच बस परवडते, पाण्याची नळी कमी लागते, भोवतालची शेती वाचते. दुसरा म्हणतो, दाटीनेच तर जीव गुदमरलाय. लोकांना मोकळं राहू द्या, रस्ते रुंद करा, पूल बांधा. मग आकड्यांची फेकाफेक सुरू होते. हेक्टरी माणसं किती, इमारतीला मजले किती, रस्त्याला मार्गिका किती. दोन्हीकडचे आकडे बहुधा खरेच असतात. पण एक आकडा कुणीच मांडत नाही: एका चौरस किलोमीटरात चौक किती आहेत, आणि एका दारातून निघालेल्या माणसाला दुसऱ्या दारी पोचायला वाटा किती आहेत?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. शहराचा पसारा ही लांबी-रुंदीची गोष्ट कमी आणि जोडणीची जास्त आहे. वीस मजली इमारतींची वसाहत कुंपणाआड एकाच फाटकातून मोठ्या रस्त्यावर उघडत असेल, तर कागदावर ती कितीही दाट दिसो, वागते ती पसरलेल्या वस्तीसारखीच. उलट दुमजली घरांची वस्ती, गल्लीला गल्ली जोडलेली, कमी दाटीतही आटोपशीर असते. शिवाय दाटी पुढे बदलता येते. मजले चढवता येतात, बस सुरू करता येते, नियम बदलता येतात. रस्त्यांचा आराखडा मात्र एकदा जमिनीवर उतरला की पिढ्यान्‌पिढ्या हलत नाही. सगळ्यात जास्त टिकणारा हा निर्णय आपण सगळ्यात कमी चर्चा करून घेतो, बहुतेक वेळा तर घेतलाय हे कळतही नाही.

दोन घरं पाठीला पाठ लावून उभी आहेत असं समजा. मधे एक भिंत. एका घरातून दुसऱ्या घरात जायचं तर आधी आपली बंद गल्ली संपवायची, मग वसाहतीच्या वळणावळणाच्या रस्त्याने फाटकापर्यंत यायचं, मोठ्या रस्त्याने पुढचं फाटक गाठायचं आणि पुन्हा तसंच आत वळत वळत जायचं. हाकेच्या अंतरावरचं घर आणि त्यासाठी हा द्राविडी प्राणायाम. यात अंतर कुणी वाढवलं? जमिनीने नाही, आराखड्याने.

हे मोजताही येतं. साध्या चौकोनी जाळ्यात सरळ रेषेपेक्षा फार तर ४१ टक्के जास्त चालावं लागतं, तेही नेमकं कर्णाच्या दिशेने जायचं असेल तेव्हाच. सगळ्या दिशांची सरासरी काढली तर सुमारे २७ टक्के. पाच मिनिटांत माणूस साधारण ४०० मीटर चालतो. वाटेत काहीच आडवं आलं नाही तर त्याच्या आवाक्यात ५० हेक्टरांचं वर्तुळ येतं, बारीक विणलेल्या चौकोनी जाळ्यात ३२ हेक्टर येतात. फांद्यांसारख्या फुटत जाऊन बंद होणाऱ्या रस्त्यांत हा आकडा कितीही खाली जाऊ शकतो. पाच मिनिटं चालून माणूस कधी कधी आपल्याच वसाहतीच्या फाटकाशी पोचतो. त्या माणसाने गाडी काढली तर आपण त्याच्या आळसाला नावं ठेवणार?

याहून गमतीचा हिशेब रुंदीचा आहे. दोन रस्त्यांमधलं अंतर २०० मीटर आणि प्रत्येक रस्ता ३० मीटर रुंद धरला, तर एका चौरस किलोमीटरात १० किलोमीटर रस्ता होतो आणि २५ चौक. आता अंतर १०० मीटर करा आणि रुंदी निम्मी, १५ मीटर. रस्ता २० किलोमीटर होतो, चौक १००. जमीन किती गेली? दोन्ही वेळा तेवढीच, जेमतेम २८ टक्के. त्याच जमिनीत चौपट चौक मिळतात. संयुक्त राष्ट्रांच्या वस्तीविषयक संस्थेने, यूएन-हॅबिटॅटने, दिलेली शिफारस याच्याच आसपास आहे: किमान ३० टक्के जमीन रस्त्यांना, चौरस किलोमीटरला किमान १८ किलोमीटर रस्ता आणि ८० ते १०० चौक. तरीही रस्त्यांची बैठक बसली की विषय निघतो तो रुंदीकरणाचा. रुंद रस्ता छायाचित्रात छान दिसतो, त्याचं उद्‌घाटन करता येतं. चौकाची फीत कोण कापणार?

शहर वाढताना ही जोडणी घटते कशी, हे कळायला जुन्या भागातून कडेकडे चालत जावं. मध्यभागी चार रस्ते मिळणारे चौक भेटतात. पुढे तिठे वाढतात. कडेला पोचलो की रस्ते एकमेकांना भेटायचेच सोडून देतात. मोठ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना वसाहती लटकलेल्या, जशी वेलीला फळं. यामागे कुणाचा दुष्ट बेत नसतो. जुना भाग पायांनी वाढला, त्यामुळे आडवाट बंद ठेवणं कुणालाच परवडत नव्हतं. कडेचा भाग तुकड्यातुकड्याने वाढतो. ज्याच्या ताब्यात जो तुकडा, तो आपल्या हद्दीपुरता आराखडा काढतो. हद्दीपलीकडे शेत असतं किंवा स्पर्धक. त्याला रस्ता कशाला जोडायचा? प्रत्येक तुकड्याचा नकाशा सुटा पाहिला तर देखणा असतो. सगळे शेजारी शेजारी मांडले की शहर गायब झालेलं असतं.

विसाव्या शतकात या सवयीला सिद्धान्ताचं पाठबळ मिळालं. क्लॅरेन्स स्टाइन आणि हेन्री राइट या नगररचनाकारांनी १९२९ साली अमेरिकेतल्या न्यू जर्सीत रॅडबर्न वसवलं, मोटारीच्या युगासाठीचं गाव म्हणून. गाड्यांसाठी बंद गल्ल्या, पण घरांच्या दुसऱ्या बाजूने बागेतून जाणाऱ्या पायवाटा आणि रस्त्याखालून जाणारा भुयारी मार्ग, म्हणजे मुलांना गाडीच्या वाटेला न जाताच हिंडता यावं. कल्पना अर्धी नव्हे, पुरी होती. नक्कल करणाऱ्यांनी मात्र बंद गल्ल्या उचलल्या आणि पायवाटा सोडून दिल्या, कारण पायवाटेची जमीन विकता येत नाही. पुढे १९३४ साली अमेरिकेत गृहकर्जांना हमी देणारी सरकारी संस्था निघाली आणि तिच्या मार्गदर्शक पुस्तिकांनी चौकोनी जाळ्याला नाकं मुरडून वळणदार रस्ते आणि बंद गल्ल्या यांची शिफारस केली. कर्जाची हमी जिच्या हाती, तिची शिफारस म्हणजे हुकूमच. वाहतूक अभियंत्यांनीही त्यावर उतरंड रचली: गल्लीने उपरस्त्याला, उपरस्त्याने हमरस्त्याला मिळायचं. ओहोळ ओढ्याला, ओढा नदीला. नदीला पूर का येतो, हा प्रश्न त्यानंतर विचारायचा.

क्रिस्टोफर बॅरिंग्टन-ली आणि ॲडम मिलार्ड-बॉल या दोन संशोधकांनी रस्त्यांच्या नकाशांवरून ही गोष्ट मोजली आहे. चौकात किती रस्ते मिळतात, बंद टोकं किती, वळसे किती, अशा मापांनी. अमेरिकेत नव्या रस्त्यांची जोडणी विसाव्या शतकात बराच काळ घसरत गेली, साधारण १९९४च्या सुमाराला तिने तळ गाठला आणि मग ती हळूहळू सुधारू लागली. जगाकडे पाहिलं तर १९७५ नंतर बांधलेले रस्ते एकूणात तुटक होत गेले आहेत. म्हणजे ज्या देशाने हे दुखणं जगाला दिलं तो थोडा सावरतोय, आणि जे देश आज सगळ्यात वेगाने शहरं उभारताहेत त्यांतल्या अनेकांनी त्याच्या तरुणपणच्या चुका गिरवायला घेतल्या आहेत.

बरं, चूक झाली तर पुढे दुरुस्त करू, असं म्हणता येईल? १६६६च्या आगीत लंडनचा मोठा भाग राख झाला. आराखडा बदलायला याहून मोकळी पाटी कुठली मिळणार? वास्तुरचनाकार क्रिस्टोफर रेनने काही दिवसांतच रुंद, सरळ रस्त्यांचा नकाशा राजापुढे ठेवला. झालं काय? काही रस्ते रुंद झाले, एखाददुसरा नवा निघाला, बाकी शहर जवळपास जुन्याच रेषांवर उठलं. घरं जळली होती, मालकीच्या हद्दी जळल्या नव्हत्या. उलट टोकाचं उदाहरण इटलीतल्या तुरिनचं. रोमन लोकांनी आखलेली चौकोनी विण तिथे जुन्या गाभ्यात आजही दिसते. राज्यं गेली, भाषा बदलली, रस्ते राहिले. आणि जिथे नंतर जोर लावून रस्ते काढले गेले, तिथे काय मोजावं लागलं तेही इतिहासात आहे. १८५३ ते १८७० या काळात सरकारी प्रशासक ओसमानने पॅरिसच्या दाट वस्तीतून रस्ते कापले, त्यात हजारो गरिबांची घरं गेली, कर्जाचा डोंगर झाला आणि शेवटी त्यालाही घरी बसावं लागलं. बैल गेल्यावर झोपा करायचा तर तो असा महाग पडतो.

याच्या शेजारी १८११चं न्यूयॉर्क ठेवून पाहा. लोकसंख्या लाखाच्या आत, वस्ती मॅनहॅटन बेटाच्या दक्षिण टोकाला गोळा झालेली. तीन आयुक्तांनी नकाशा काढला तो थेट १५५व्या रस्त्यापर्यंत, म्हणजे मैलोन्‌मैल शेतं, खडक आणि दलदल यांवर. लोक आपल्याला हसतील याची त्यांना कल्पना होती. तसं त्यांनी आपल्या टिपणातच लिहून ठेवलं. मोजणी करणाऱ्या जॉन रँडेलला लोकांच्या शेतांत घुसल्याबद्दल अटकसुद्धा झाली. नकाशात चुका होत्या. टेकड्यांची पर्वा नव्हती, मोकळी मैदानं तोकडी होती, बेटाच्या लांबीने जाणारे रस्ते इतके कमी की पुढे मधे लेक्सिंग्टन आणि मॅडिसन हे आणखी दोन घालावे लागले. पण ते घालता आले, हेच तर महत्त्वाचं. त्या विणीवर एकमजली घरं उभी राहिली, मग चाळीवजा इमारती, मग गगनचुंबी. कुणीही पुढचं अचूक ओळखलं नव्हतं. ओळखायची गरजच पडली नाही.

आता विरोधकांच्या मुद्द्यांकडे येतो, कारण त्यांतले काही खरोखर जड आहेत.

पहिला आणि सगळ्यात मानवी मुद्दा: बंद गल्ली लोकांना आवडते. मुलं दारात खेळतात, परकी गाडी येत नाही, रात्री शांत झोप लागते. अशा घरांना गिऱ्हाईक जास्त पैसे मोजतं. लोकांना हवं ते मिळतंय, तर तुम्ही कोण सांगणारे? मुद्दा मला मान्य आहे. मलाही माझ्या खिडकीखालून ट्रक जायला नको आहेत. चोऱ्यांवरच्या काही अभ्यासांत बंद गल्ल्या जास्त सुरक्षित ठरल्या आहेत, तेही नाकारायचं कारण नाही. पण या शांततेचा खर्च कोण भरतं ते पाहा. माझ्या गल्लीतून न गेलेली गाडी नाहीशी होत नाही. ती हमरस्त्यावर जाते, जिथे दुसऱ्या कुणाची तरी खिडकी असते. तिथे वेग जास्त, ओलांडायला जागा कमी, आणि बसची वाट पाहत उभा असलेला माणूस बहुधा गाडी नसलेलाच. वेस्ली मार्शल आणि नॉर्मन गॅरिक यांनी कॅलिफोर्नियातल्या २४ शहरांचा अभ्यास केला तेव्हा दाट चौकांच्या शहरांत जीवघेणे अपघात कमी आढळले. कारण समजायला अवघड नाही. चौक जवळजवळ असले की गाड्यांना वेग धरता येत नाही. गल्ली सुरक्षित करून शहर धोकादायक केलं, असा हा सौदा आहे. प्रत्येकाला आपली गल्ली बंद आणि बाकीच्यांची उघडी हवी असते. ज्या शहरात प्रत्येकाची इच्छा पुरी होते, तिथे सगळेच हमरस्त्यावर अडकून बसतात.

चोरीच्या मुद्द्यातून मात्र एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. जोडणी म्हणजे घरांच्या पाठीमागून काढलेला, दोन भिंतींमधला, कुणाचीच नजर नसलेला अंधारा बोळ नव्हे. बंद गल्लीला मागून असा बोळ जोडला तर तिच्या सुरक्षिततेचा फायदाही जातो, आणि भीतीने कुणी त्या वाटेने फिरकतही नाही. वाट दारांसमोरून जायला हवी, तिच्यावर खिडक्या उघडायला हव्यात. जोडणीचे पुरस्कर्ते हे सांगायला विसरतात आणि मग बोळ बंद करा म्हणणारे रहिवासी त्यांना मूर्ख वाटतात. ते मूर्ख नसतात.

दुसरा मुद्दा अभियंत्यांचा. डिट्रिश ब्रेस या गणितज्ञाने १९६८ साली दाखवून दिलं की जाळ्यात एक नवा दुवा घातल्याने सगळ्यांचाच प्रवास लांबू शकतो. प्रत्येक जण आपल्यापुरता जवळचा मार्ग धरतो आणि तो मार्ग तुंबतो. शिवाय रस्ता वाढवला की त्यावर नवी वाहनं येतात, हे आता जवळपास सर्वमान्य आहे. मग जोडण्या वाढवून काय साधणार? आक्षेप बिनतोड आहे, फक्त तो कशावर आहे ते नीट पाहायला हवं. ब्रेसचं गणित तुंबणाऱ्या प्रवाहाचं आहे. चालणाऱ्याने चालणाऱ्याची वाट तुंबवायला जत्रा भरावी लागते. तेव्हा या गणिताचा अर्थ जोडू नका असा होत नाही, प्रत्येक जोडणी प्रत्येक वाहनाला खुली ठेवू नका असा होतो. नेदरलँड्समधल्या हाउटेन गावाने हेच केलं. गाडीने एका भागातून दुसऱ्या भागात जायचं तर बाहेरच्या वळणरस्त्यावर यावं लागतं, सायकल मात्र मधून सरळ जाते. वळसा कुणाला पडावा, हे गावाने ठरवलं.

इथे वादाचं घोडं कुठे पेंड खातं ते लक्षात येतं. जाळं बंद करता येतं, फांदी उघडता येत नाही. बार्सिलोनाच्या तटबंदीबाहेरचा विस्तार इल्देफोन्स सेर्दा या अभियंत्याने आखला. १८५९ साली मंजूर झालेल्या त्या आराखड्यात साधारण ११३ मीटर बाजूचे, कोपरे छाटलेले एकसारखे चौकोन आणि २० मीटर रुंदीचे रस्ते होते. मोटार तेव्हा जन्मलीही नव्हती. २०१६ साली पोब्लेनौ भागात त्याच विणीतले नऊ चौकोन एकत्र करून आतल्या रस्त्यांवरून आरपार जाणारी वाहतूक काढून टाकली गेली. गाड्या कडेने फिरल्या, आत बाकं आणि झाडं आली. वाद पुष्कळ झाला. पण पाहा, शांत गल्ली हवी म्हणून त्या शहराला एकही भिंत बांधावी लागली नाही, खांब आणि कुंड्या पुरल्या, आणि उद्या मत बदललं तर त्या उचलताही येतील. कुंपणांनी तोडलेल्या वस्तीत याच्या उलट करायचं तर कुणाचं तरी घर पाडावं लागतं.

तिसरा आक्षेप इतिहासातून येतो. जुनी शहरं कुठे चौकोनी होती? मोरोक्कोतल्या फेझची मदिना, म्हणजे तिथलं जुनं शहर, घ्या: वाकडेतिकडे बोळ, शेकडो बंद टोकं, तरी ती शतकानुशतकं गजबजलेली आहे. मग बंद गल्लीला दोष का? याचं एक उत्तर आकाराचं आहे. फेझमधल्या बंद बोळात चार पावलं टाकली की तो संपतो आणि त्याचं तोंड बाजाराच्या वाटेवरच उघडतं. तिथे बंद टोक म्हणजे घराच्या उंबरठ्याचाच लांबवलेला भाग. मोटारीच्या काळातली बंद गल्ली याच नावाखाली दहापट मोठं काहीतरी आहे. आणि दुसरं असं की जोडणी म्हणजे सरळ रेषा नव्हे, हे मी आधीच म्हणायला हवं होतं. टोकियोचे बरेच रस्ते वाकडे, अरुंद, नकाशात गोंधळलेले दिसतात, पण ते एकमेकांना मिळतात. उलट अमेरिकेतली सॉल्ट लेक सिटी १८४७ साली अगदी काटकोनात आखली गेली, पण चौकोनाची बाजू ६६० फुटांची, म्हणजे २०० मीटर. ओळंब्यात असूनही चालणाऱ्याला ती लांबच पडते. अमेरिकेतल्याच पोर्टलंडच्या चौकोनाची बाजू फक्त २०० फूट. दोन्ही शहरं चौकोनी, पण माणसाच्या पायाला ती दोन वेगळी जगं आहेत. तेव्हा चौकोन की वळणं, हा वाद सौंदर्यप्रेमींना सोडून द्यावा. टेकडी असेल तर रस्ता वळू दे, फक्त तो कुठेतरी पोचू दे.

फांद्यांच्या रचनेत एक धोका आणखी असतो, जो एरवी दिसत नाही. तिथे दोन ठिकाणांच्या मधे वाट एकच असते. ती तुटली की सगळंच तुटलं. २०१८ साली कॅलिफोर्नियातल्या पॅरडाइज गावाला वणव्याने घेरलं, तेव्हा बाहेर पडायचे रस्ते मोजके होते आणि ते तुंबले. ८५ माणसं गेली. आग विलक्षण वेगाची होती, सगळा दोष रस्त्यांवर टाकता येणार नाही. पण शांततेचं मोल लावताना हा खर्च कुणीच धरत नाही, कारण तो वर्षांनुवर्षं शून्य असतो.

राहिला पैशाचा आणि मालकीचा प्रश्न. माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक आक्षेप हाच. रस्ता शेजाऱ्याला जोडा म्हणजे माझ्या जमिनीतून द्या. मी का देऊ? ज्याच्या शेतातून नकाशातली रेघ गेली त्याने सगळं गमवायचं आणि बाजूच्याने रस्त्याकाठची जमीन म्हणून चांदी करायची, हा न्याय कुठला? पण या अन्यायावर उपाय शंभर वर्षांपूर्वीच सापडला आहे. फ्रँकफर्टचा महापौर फ्रान्झ आडिकेस याच्या नावाने ओळखला जाणारा १९०२चा कायदा, मुंबई इलाख्याचा १९१५चा नगररचना कायदा, जपानचा १९१९चा कायदा, सगळ्यांची कल्पना एकच. सगळ्यांच्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, रस्ते आणि मोकळ्या जागा काढून घ्यायच्या आणि उरलेली जमीन प्रत्येकाला त्याच्या वाट्याच्या प्रमाणात नव्या आकारात परत द्यायची. जमीन थोडी कमी होते, पण रस्त्याला लागल्याने किंमत वाढते. तोटा झालाच तर सगळ्यांचा सारखा होतो. १९२३च्या भूकंपानंतर टोकियोचा बराच भाग असाच पुन्हा आखला गेला. लंडनला आगीनंतर जे जमलं नाही ते टोकियोला जमलं, यात जपानी शिस्तीचं कौतुक करून थांबणं सोपं आहे. खरा फरक असा की टोकियोपाशी मालकीच्या हद्दी हलवायचं साधन तयार होतं.

काही सरकारांनी दुसरी नस पकडली आहे. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात नव्या वसाहतींचे रस्ते सहसा राज्य सांभाळतं. २००९ साली राज्याने नियम केला: तुमचे रस्ते शेजारच्या जाळ्याला जोडलेले असतील तरच आम्ही देखभाल घेऊ. कुणाला बंद गल्ली बांधायला मनाई नव्हती, फक्त तिचे खड्डे स्वतः बुजवायचे होते. बांधकाम क्षेत्राची ओरड झाली आणि दोन वर्षांत नियम सैल करावा लागला, पण तत्त्व शिल्लक राहिलं. गृहकर्जांना हमी देणाऱ्या त्या संस्थेने १९३०च्या दशकात एका दिशेने जे ढकललं, तेच दुसऱ्या दिशेनेही ढकलता येतं. शेवटी ज्याच्या खिशाला चाट बसते त्याचाच आराखडा बदलतो. उलट उशिरा जागं झाल्यावर काय होतं, हे २०१६ साली चीनमध्ये दिसलं. तिथल्या केंद्राने कुंपणबंद वसाहती यापुढे नकोत, असलेल्या हळूहळू उघडा, आणि अरुंद रस्त्यांचं दाट जाळं विणा, असं फर्मान काढलं. चौरस किलोमीटरला ८ किलोमीटर रस्ता हे तेव्हाचं लक्ष्य होतं. विचार योग्यच होता. पण कुंपणाआतल्या रस्त्याचे पैसे आम्ही घराच्या किमतीत मोजलेत, असं म्हणत लोक खवळले, आणि एरवी फारशी कुणाची पत्रास न ठेवणाऱ्या सरकारलाही हे कायद्याच्या चौकटीत, सबुरीने होईल अशी समजूत घालावी लागली. एकदा लोकांनी भिंत विकत घेतली की ती नुसती भिंत राहत नाही.

म्हणूनच दाटी की पसारा हा वाद मला चुकीच्या टोकाने धरलेला वाटतो. शहरं पसरणारच, लोकसंख्या वाढते, माणशी जागा वाढते, आणि वाढ थोपवायच्या भिंती बहुतेक ठिकाणी ओलांडल्या गेल्या आहेत. स्पेनच्या दुसऱ्या फिलिपने १५७३ साली वसाहतींसाठी काढलेल्या नियमांत चौकातून निघणारे रस्ते असे आखा, की गाव कितीही वाढलं तरी तीच मांडणी पुढे नेता यावी, असं सांगून ठेवलं होतं. तो साम्राज्यवादी होता, त्याच्या नगरांखाली इतरांच्या जमिनी गेल्या, त्याच्या हेतूंचं समर्थन करायचं कारण नाही. पण वाढ होणार हे गृहीत धरून फक्त धागे मोकळे सोडायचे, एवढी अक्कल त्या नियमांत होती, आणि दक्षिण अमेरिकेतल्या कितीतरी शहरांची जोडणी आजही चांगली आहे, त्यात तिचा वाटा मोठा आहे.

आजचे धागे कसे दिसतात ते कुठल्याही नव्या वसाहतीच्या शेवटच्या टोकाला दिसतं. सगळं चोख असलेला एखादा रस्ता अचानक शेताच्या बांधाशी संपतो. त्याला वळायला जागा केलेली नसते, कारण आराखड्यात तो पुढे जाणार आहे. काही शहरं तिथे तशी पाटीही लावतात. मग दहा वर्षं जातात. मुलं त्या टोकाला खेळायला लागतात, कुणी कुंड्या आणून ठेवतं, कुणाची गाडी कायमची तिथेच उभी राहते, पाटीचा रंग उडतो. अकराव्या वर्षी पलीकडच्या शेतात मोजणीदार येतात, आणि त्याच संध्याकाळी आपली गल्ली वाचवा म्हणून सह्यांचा कागद घरोघर फिरू लागतो. सह्या करणारे सगळे सज्जन असतात. पलीकडच्या घरांत अजून कुणी राहायला आलेलं नसतं, त्यामुळे त्या कागदावर त्यांच्या बाजूने सही करायला कुणीच नसतं.